आकड्यांच्या पाट्या आणि नावांचे दगड

सातारा, पुणे, रायगड, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या काही जुन्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवराची एक लहानशी पाटी अजून पाहायला मिळते. तिच्यावर इंग्रजीत दोन वाक्यं असतात: या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. हीच पाटी पंजाबातल्या खेड्यांत आहे, सीमेपलीकडे पाकिस्तानातही आहे. मजकूर ठरलेला, गावागणिक बदलतात ते फक्त दोन आकडे. महायुद्ध संपल्यावर सरकारने एकाच साच्यातले हे दगड गावोगाव वाटले. बहुतेक पाट्यांवर गावाचं नावसुद्धा नसतं, नुसतं ‘या गावातून’ एवढंच. उद्या कुणी ती उखडून शेजारच्या गावच्या भिंतीत बसवली, तर तिथेही ती खपून जाईल.

माझं म्हणणं असं आहे की ज्या गावात अशी पाटी आहे किंवा एके काळी होती, तिथल्या ग्रामपंचायतीने त्या आकड्यामागची नावं शोधून दगडावर कोरावीत. आणि यापुढे कुठल्याही गावाने युद्धस्मारक करायचं ठरवलं, तर पुतळा, तोफ, कमान, कारंजं यांच्याआधी नावांचा विचार करावा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण आपल्याकडची स्मारकं पाहिली की कळतं, नाव ही सगळ्यात शेवटी आठवणारी गोष्ट आहे.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं, घरटी एक माणूस फौजेत असं सांगितलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले आणि ब्रिटिश सरकारने त्यांचं स्मारक गावात उभारलं. वर्तमानपत्रात अपशिंग्यावर लेख आला की त्यात ४६ हा आकडा हमखास असतो. त्या ४६ जणांपैकी एकाचंही नाव तुम्ही कधी छापलेलं वाचलंय का? मी तरी नाही. आकडा अभिमानाने सांगता येतो, एका दमात सांगता येतो, भाषणात बसतो. नावं वाचायला वेळ लागतो, आणि वाचताना लक्षात येतं की एकाच आडनावाची माणसं पुन्हा पुन्हा येताहेत, म्हणजे एकाच भावकीत तीन-चार सुतकं एका वर्षात पडली असणार.

ही माणसं गेली कुठे? मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरल्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली त्या बगदादच्या रोखाने वर सरकल्या, तिसिफोनच्या लढाईनंतर मागे फिरल्या आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा या गावात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की फौजेचा वेढा चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायची पाळी आली, आणि ते मांस खायचं की नाही यावर हिंदी शिपायांत बराच काळ अवघडलेपण राहिलं. शेवटी शरणागती. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून पायी आनातोलियाकडे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात नेलं गेलं; त्या वाटेवर आणि पुढच्या छावण्यांत भुकेने, हगवणीने, मारहाणीने माणसं हजारोंनी मेली. अपशिंग्याचा, खेडचा किंवा महाडचा एखादा गडी तिथे पडला असेल तर त्याची रक्षा घरी येण्याचा प्रश्नच नव्हता. घरी आला असेल तर एक कागद, नंतर पेन्शन आणि मग ती पाटी.

बसऱ्याला या सगळ्यांसाठी एक मोठं स्मारक झालं. १९२९ साली त्याचं उद्घाटन झालं. ज्यांना थडगं नाही अशा चाळीस हजारांवर माणसांसाठी ते होतं. गोऱ्या सैनिकांची नावं पलटणवार कोरलेली होती, अगदी साध्या शिपायापर्यंत. हिंदी पलटणींच्या बाबतीत मात्र सुभेदार-जमादारांची नावं लिहिली आणि त्याखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असं लिहून काम उरकलं. हवालदार, नाईक, शिपाई हे सगळे ‘इतर’. म्हणजे गावातल्या पाटीवर जे झालं तेच बसऱ्याच्या भिंतीवर झालं. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने हे अख्खं स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेऊन बांधलं गेलं, म्हणजे तेवढी दगडांची यातायात झाली. त्या यातायातीत नावं हलायची भीती नव्हती, कारण आपल्या शिपायांची नावं तिथे नव्हतीच.

यात खटकणारी गोष्ट ही की त्याच काळात, त्याच साम्राज्याने, मेलेल्या सैनिकांबाबत एक फार पुढारलेलं धोरण ठरवलं होतं. १९१७ साली युद्धस्मशानांसाठी आयोग नेमला गेला. त्याचं तत्त्व असं की लॉर्डाचा मुलगा असो की खाणकामगाराचा, दगड एकाच मापाचा, आणि प्रत्येकाचं नाव कुठे ना कुठे कोरलेलं. मृतदेह मायदेशी आणायला बंदी होती, त्यामुळे इंग्लंडमधल्या प्रत्येक खेड्याला स्वतःचा दगड हवासा वाटला. रडायला जागा नव्हती, ती गावाने तयार केली. गावागावांत समित्या बसल्या, वर्गण्या निघाल्या, आणि भांडणं तर मनसोक्त झाली. क्रूस उभारायचा की सभागृह बांधायचं? नावापुढे हुद्दा लावायचा की नाही? युद्धानंतर वर्षभराने गॅसच्या त्रासाने मेलेला यादीत येतो का? पळून जाताना पकडला गेला म्हणून स्वतःच्याच सैन्याने गोळी घातलेल्या पोराचं काय? पुष्कळ गावांनी अशा पोरांची नावं गाळली, काहींनी हट्टाने लिहिली. या भांडणांमुळेच ते दगड गावाचे झाले, असं मला वाटतं. आपल्या पाट्यांवर असं कुठलंही भांडण झालं नाही. आकड्यावर भांडणार काय?

आयोगाचं समतेचं तत्त्व आपल्यापर्यंत का पोचलं नाही, याची कबुली शंभर वर्षांनी आली. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मान्य केलं होतं की हिंदुस्थान, पूर्व व पश्चिम आफ्रिका, इजिप्त, सोमालिया इथल्या ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती असमान पद्धतीने जपली गेली, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावाने दखलच घेतली गेली नाही. त्या अहवालात जुना पत्रव्यवहार आहे. गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, गव्हर्नराचं मत असं की तिथल्या सामान्य माणसाला थडग्यावरच्या दगडाचं महत्त्व कळणार नाही. ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली. माफी ठीक आहे. पण त्या माफीनंतर आपल्याकडे एखाद्या जिल्हा परिषदेत ‘मग आमच्या गावच्या त्या दोन आकड्यांचं काय?’ असा प्रश्न निघाल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. साहेबाने नाव लिहिलं नाही याचा राग आपल्याला पटकन येतो. साहेब जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तेव्हापासून छिन्नी आपल्याच हातात आहे.

नाव नंतरही लिहिता येतं. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला होता. तिथल्या इस्पितळात ते जखमांनी दगावले होते. त्या जागी १९२१ साली पांढरी छत्री उभी राहिली. सुरेख वास्तू आहे, पण नावाचा पत्ता नाही. ती ५३ नावं कोरलेला दगड छत्रीशेजारी २०१० मध्ये लागला. नव्वद वर्षांनी का होईना, लागला.

आता एक उलटं उदाहरण. आपल्याच मातीतलं, आणि ज्यावर बोलताना लोक आवाज खाली आणतात ते. भीमा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ ला कंपनीच्या फौजेतली एक लहान तुकडी पेशव्यांच्या सैन्याशी दिवसभर लढली. त्या लढाईचं स्मारक म्हणून कंपनी सरकारने १८२१ मध्ये पेरणे गावाच्या हद्दीत या स्तंभाचं काम सुरू केलं. हेतू उघड होता, कंपनीच्या विजयाची जाहिरात. पण स्तंभावर मेलेल्यांची नावं कोरली, इंग्रजीबरोबर मराठीतही. मेलेल्या ४९ शिपायांच्या यादीत २२ नावं ‘नाक’ने संपणारी आहेत, म्हणजे महार शिपायांची.

या नावांनी पुढे काय केलं ते बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची फौजेतली भरती बंद झाली. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, आणि त्या मागणीच्या पाठीशी उभा राहायला एक दगड होता. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले. तेव्हापासून त्या स्तंभाचा अर्थ कंपनीच्या हातातून कायमचा निसटला. दरवर्षी लाखो माणसं तिथे जातात ती कंपनी जिंकली म्हणून नाही. आता कल्पना करा की त्या स्तंभावर नुसतं ‘४९ शिपाई’ एवढंच असतं. १९२७ साली तिथे कुणाला कुणाचा पूर्वज सापडला असता? एक आकडा, आणि त्यावर सरकारी इतिहास. शंभर वर्षं आधीच्या, तेही व्यापारी कंपनीने उभारलेल्या दगडावर साध्या शिपायाचं नाव आहे. १९२९ च्या बसऱ्यावर नाही. प्रगती सरळ रेषेत होते असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कोरेगावच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही या स्तंभावर हिरिरीने बोलतात. २०१८ नंतर तर त्यावर शांतपणे बोलणंच अवघड झालंय. पण स्मारकाची रचना म्हणून त्याकडे पाहिलं तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्याने स्मारक उभारलं त्याची इच्छा पुसली जाते, आणि कोरलेली नावं ज्यांची, त्यांच्या वारसांची इच्छा तिथे उभी राहते. स्मारक बांधणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने हे समजून घ्यायला हवं. कदाचित समजलेलं आहे, म्हणूनच ते नावं लहान अक्षरांत लिहितात.

नावांचा आग्रह धरताना एक अडचण मला स्वतःलाच जाणवते, ती वीरगळांची. गावासाठी पडलेल्या माणसाचा दगड ही आपल्याकडे साहेबाने आणलेली गोष्ट नाही. महादेवाच्या देवळाच्या आवारात, वेशीजवळ, पिंपळाच्या पारावर वीरगळ उभे असतात. बरेचसे आडवे पडलेले, काही शेंदूर फासून देव झालेले, काही धुणं धुवायला गेलेले. वीरगळ वाचायचा तो खालून वर. सगळ्यात खाली पडलेला वीर, अनेकदा शेजारी गाई-गुरं, म्हणजे गुरं पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना मेला. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र, ते आहेत तोवर कीर्ती राहील म्हणून. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर समुद्रावरची लढाई कोरलेले प्रचंड वीरगळ आहेत, त्यांत वल्ह्यांची गलबतं रांगेने दिसतात.

कर्नाटकातल्या वीरगळांवर बहुधा लेख असतो: कोण, कुणाच्या राज्यात, कशासाठी मेला. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. मग आपली परंपराच बिननावाची, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. वीरगळ उभा केला तेव्हा तो कुणाचा हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. त्याच्या घरचे सणावाराला त्याला नैवेद्य दाखवत. नाव दगडावर नव्हतं, तोंडावर होतं. आठशे वर्षांत ते गळून पडलं, आणि आज आपण त्याला ‘अज्ञात वीर’ म्हणतो. ज्या गोष्टीची खात्री वाटते तीच लिहायची राहून जाते. १९१६ साली कूतला मेलेल्या माणसाचं नाव १९५० मध्ये गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतंच. आज किती जणांना आहे?

नाव सोडलं तर वीरगळ आपल्याला रचनेचा एक धडा देतो, जो आजच्या स्मारकांना कळलेला नाही. माणूस कसा मेला हे तो सांगतो. गुरांसाठी मेला की गलबतावर मेला, हे चित्रातून कळतं. आजच्या स्मारकावर सगळे एकाच शब्दाने मेलेले असतात. मेसोपोटेमियात किती जण गोळीने मेले आणि किती जण कॉलऱ्याने, हगवणीने, उष्माघाताने, हा फरक दगडावर यायला हवा. त्याने कुणाची शान कमी होत नाही. खेचरं हाकणारे द्राबी, पाणी वाहणारे भिस्ती, झाडूवाले, स्वयंपाकी, १९१७ मध्ये फ्रान्सला नेलेल्या मजूर तुकड्यांतली माणसं यांचाही त्यात समावेश हवा. पलटणीच्या दप्तरी हे ‘फॉलोअर’. गावच्या दगडावर तरी त्यांना कुणाच्या मागे उभं करायचं कारण नाही.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. ही माणसं साम्राज्यासाठी लढली. पगारासाठी गेली, काही ठिकाणी पाटलाच्या आणि मामलेदाराच्या दबावाखाली गेली. दुसऱ्याचा देश जिंकायला गेली. त्यांचे दगड आपण का उभारायचे? दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात, २०१९ मध्ये ते खुलं झालं तेव्हा, पंचवीस हजारांहून अधिक नावं होती, पण ती स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांची. ते योग्यच आहे, राष्ट्राचं स्मारक राष्ट्राच्या सैनिकांचं असावं. इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची संख्या सुमारे ७४ हजार. उरलेल्यांपैकी बहुतेकांची नावं ना दिल्लीत आहेत, ना बसऱ्याच्या भिंतीवर.

पण गाव म्हणजे राष्ट्र नव्हे. कोणत्या युद्धात न्याय कुणाच्या बाजूला होता हे ठरवणं राष्ट्राचं काम, इतिहासकारांचं काम. गावाचं नातं त्याच्या माणसाशी असतं. तो ज्या कारणासाठी गेला ते पटलं नाही तरी तो गेला ही गोष्ट उरते, त्याची बायको विशीत विधवा झाली हेही उरतं. गौरव न करताही नाव लिहिता येतं. फ्रान्समध्ये झ्याँतियू नावाचं एक छोटं खेडं आहे. फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक गावात युद्धस्मारक आहे आणि बहुतेकांवर विजयाची, मातृभूमीची भाषा आहे. झ्याँतियूच्या दगडावर गावच्या मेलेल्यांची यादी आहे, समोर एक पोरका मुलगा मूठ वळून उभा आहे, आणि लिहिलंय, ‘युद्धाचा धिक्कार असो’. सरकारी मंडळी कित्येक दशकं त्या स्मारकाकडे फिरकली नाहीत. त्या गावाला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलं, आणि नावं मात्र एकही गाळली नाही. आपल्याकडच्या एखाद्या गावाला आपली माणसं परक्याच्या लढाईत फुकट गेली असं वाटत असेल, तर त्याने तसं कोरावं. पण नावं घालून कोरावं.

सध्या आपण काय करतो? ऑगस्ट २०२३ मध्ये ‘माझी माती, माझा देश’ मोहिमेत देशभर ग्रामपंचायतींनी शिलाफलक लावले, दोन लाखांहून अधिक. गावच्या वीरांची नावं लिहायची, ही त्यामागची कल्पना चांगली होती, आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण मजकुराचा साचा पुन्हा वरून आला: मोहिमेचं बोधचिन्ह, पंतप्रधानांचा संदेश, आणि मग नावं. मुदत आठवड्यांची. नावं शोधायला आठवडे पुरत नाहीत. त्यामुळे ज्या गावाकडे तयार यादी होती तिथे ती लागली, इतर ठिकाणी जी नावं ग्रामसेवकाला ठाऊक होती ती. १९२० चा संगमरवर आणि २०२३ चा शिलाफलक शेजारी शेजारी ठेवले तर काळजी वाटते ती एवढ्याचीच की दोन्ही वेळा दगड आधी ठरला आणि माणसं नंतर.

आणि स्थानिक निधीतून होणारी स्मारकं तर विचारू नका. काळ्या ग्रॅनाइटच्या फरशा, स्टीलचं रेलिंग, खाली पेव्हिंग ब्लॉक, मधोमध फायबरचा सैनिक किंवा उलट्या रायफलीवर ठेवलेलं हेल्मेट. पाठीमागे हायमास्ट दिवा. कोनशिलेवर शुभहस्ते कुणाच्या, प्रमुख उपस्थिती कुणाची, निधी कुणाचा, ठेकेदार कोण, सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य. वीस-पंचवीस नावं सहज होतात. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या जवानाचं नाव एकदा, तेही कधी कधी अशुद्ध. नाव लिहायला जागा कमी पडते असं कुणी म्हणत असेल तर कोनशिला बघावी. जागा भरपूर आहे.

रचना याहून वेगळी कशी असू शकते, याचं मला आवडलेलं उदाहरण इटलीतलं आहे आणि त्याचा संबंध थेट रायगडशी आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची अख्खी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली. ते एकटे धावत गेले, गनवर ग्रेनेड टाकला, मॅगझीन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने झुंजले, आणि मग दुसऱ्या बाजूने आलेल्या गोळ्यांनी गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने या छोट्या गावाने तिथल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांबरोबर त्यांचं स्मारक उभारलं. तोफ नाही, पुतळा नाही. एक सूर्यघड्याळ, त्यावर घाडग्यांचं नाव आणि लॅटिनमध्ये एक ओळ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो या अर्थाची. ज्या गावाच्या मुक्तीसाठी परका माणूस मेला, त्या गावाने त्याचं नाव आपल्या जमिनीवर लिहिलं. त्यातून मराठी गावांनी सूर्यघड्याळं बांधावीत असं मला सुचवायचं नाही. लगेच टेंडरं निघतील. गावाने स्वतः विचार केला की साचा मोडतो, एवढंच.

मग नावं शोधायची कुठे? राष्ट्रकुल आयोगाची मृतांची यादी इंटरनेटवर खुली आहे. बसऱ्याच्या भिंतीवर जे ‘इतर’ आहेत, त्यांची नावं आयोगाच्या नोंदवह्यांत आणि या यादीत आहेत. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. स्पेलिंग भयंकर असतं. साहेबाच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे गावाची नावं ओळखायला गावचाच माणूस हवा. हे काम पुण्या-मुंबईच्या संशोधकाला जमणार नाही, शाळेतल्या शिक्षकाला आणि चार म्हाताऱ्यांना जमेल. पंजाबात लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या तीन लाखांवर माणसांच्या नोंदवह्या २०२१ पासून संगणकावर येऊ लागल्या. गावोगावच्या कुटुंबांना आपला पणजोबा त्यात सापडू लागला. महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाकडे आणि बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरकडे अशाच कामासाठी गावांनी लेखी मागणी करायला हवी. महार पलटणीच्या बाबतीत तर आणखी घाई आहे. १९१७ मध्ये उभी केलेली १११ महार पलटण युद्धानंतर मोडून टाकली, तिचा वारसा सांगायला सलग पलटणच राहिली नाही. त्या माणसांची नावं गावकुसाबाहेरच्या वस्तीत तोंडी असतील तर असतील.

गावकुसाचा विषय निघाला म्हणून सांगतो, खरं भांडण इथेच होणार आहे. यादी करायला बसलं की कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कोणत्या वाड्याची किती, मराठ्यांची किती, महारांची किती, रामोशांची किती, हे निघणारच. काही जण त्या भीतीने म्हणतील, आकडाच बरा होता. मला वाटतं हे भांडण होऊ द्यावं, ग्रामसभेत, उघड्यावर. क्रम अ पासून ज्ञ पर्यंत, हुद्दा नाही, पदक नाही, जात नाही. नाव, बापाचं नाव, आईचं कळलं तर आईचंही, मेल्याची जागा आणि साल. परत आलेल्यांची नावं दुसऱ्या बाजूला. त्या जुन्या संगमरवरी पाटीची एक गोष्ट मला खरोखर आवडते. तिने गेलेल्या सगळ्यांची मोजदाद केली, नुसत्या मेलेल्यांची नाही. परत येऊन पाय ओढत जगलेला माणूसही युद्धातूनच आला होता. ती पाटी काढू नये. तिच्यावरचे ऑइल पेंटचे थर खरवडावेत आणि नवा दगड तिच्या शेजारी लावावा, म्हणजे पोरांना दोन्हींतला फरक दिसेल.

दगड आपल्याकडचा काळा बेसाल्ट असावा, अक्षरं खोल कोरलेली, बोटाने वाचता येतील अशी. लेझरने उमटवलेली छायाचित्रं काही वर्षांत पुसट होतात. नंतर सापडणाऱ्या नावांसाठी खाली मोकळी जागा ठेवावी. खर्च कमानीच्या मानाने किरकोळ आहे, आणि तो निधीतून न मागता गावाने वर्गणीतून केला तर उत्तम. देणगीदारांची नावं कुठे लावायची हा प्रश्न मग ग्रामसभेत नक्की येईल. माझं मत विचाराल, तर पावतीपुस्तकात.